मेटल संगीतातले ड्रम फुसके का वाजतात? रेकॉर्डिंगपासून मिक्सपर्यंत या चुका टाळा

कोल्हापूरच्या खासबागेत कुस्तीला हलगी कडाडते ती उगाच नाही. वादक आधी शेकोटी करतो, कातडं शेकून ताणतो, मगच टिपरू उचलतो. आपली मेटलवाली पोरं मात्र दोन वर्षं झोडपून खड्डे पडलेली हेड (ड्रमवर ताणलेले पडदे) तशीच घेऊन येतात आणि म्हणतात, "मिक्सिंगला बघू की!"

मिक्सिंगला काहीही बघता येत नाही. मेलेल्या हेडमधून सणका निघत नाही. रेकॉर्डिंगआधी निदान स्नेअर (खाली तारा लावलेला कडक आवाजाचा ड्रम) आणि टॉमची (तारा नसलेले घुमणारे ड्रम) वरची हेड बदला. प्रत्येक बोल्टजवळ, कडेपासून दोनतीन सेंटिमीटर आत बोटानं टिचकी मारून बघा, सगळीकडे एकच सूर यायला हवा. (हेड प्लास्टिकची असतात, शेकोटीजवळ नेऊ नका.)

खोलीची चूक आपल्याकडे ठरलेली. छताचा स्लॅब ठेंगणा, भिंती उघड्या, आणि त्यावर अंड्यांचे ट्रे चिकटवलेले. ट्रेनं फक्त वरचा चरचराट थोडा कमी होतो, घुमणं तसंच राहतं. ओव्हरहेड, म्हणजे किटवर टांगलेला माइक स्लॅबच्या फूटभर खाली असेल तर स्लॅबवरून परतणारा आवाज साधारण दोन मिलीसेकंद उशिरा त्यात मिसळतो आणि झांजा पोकळ वाजतात. किटच्या बरोबर वर छताला जाड गादी किंवा रॉकवुलचं पॅनल लावा. पातळ चादर उपयोगाची नाही.

आता फेज, म्हणजे वेगवेगळ्या माइकमध्ये आलेल्या लहरींचा मेळ. इथं मी स्वतः तोंडावर आपटलोय. उद्यमनगरातल्या एका खोलीत अख्खं गाणं रेकॉर्ड केलं आणि स्नेअर कागदासारखा पातळ. २०० हर्ट्‌झ सहा डीबी वाढवला, कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारं साधन) बदलला, रात्र घालवली. खोट एवढीच होती की स्नेअरच्या खालच्या माइकची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटी केली नव्हती. काठी पडली की हेड वरच्या माइकपासून लांब जातं आणि खालच्याकडे येतं, म्हणून दोन्ही आवाज एकमेकांना खातात. एक बटण दाबलं आणि स्नेअरला अंग आलं. तेव्हापासून एक्यूला (सूर कमीजास्त करणाऱ्या साधनाला) हात लावण्याआधी मी ते बटण दाबून बघतो, किकलाही (पायानं वाजणारा मोठा ड्रम). आवाज एका मिलीसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. त्यामुळे स्नेअरच्या मध्यापासून दोन्ही ओव्हरहेडपर्यंत सुतळी ताणून अंतर सारखं करा. एक पैसा लागत नाही.

लेव्हल चेकला (आवाजाची पातळी तपासताना) ड्रमर हळू मारतो आणि टेकला (खऱ्या रेकॉर्डिंगला) चवताळतो. शिखरं −१० डीबीच्या आसपास राहतील इतकाच गेन (माइकचा आवाज वाढवण्याचं प्रमाण) ठेवा.

काही ड्रमर हाय-हॅट (एकावर एक बसवलेल्या दोन झांजा) जीव खाऊन मारतात आणि स्नेअर गोंजारतात. मग स्नेअरच्या माइकमध्ये हॅटच हॅट. याला प्लगिन नाही, ड्रमरला सांगावं लागतं.

मिक्समध्ये सगळ्यात जास्त माती होते डबल किकची, म्हणजे दोन्ही पायांनी वाजवलेल्या किकची. २०० बीपीएमला (मिनिटाला २०० बीट) सोळाव्या मात्रा (एका बीटला चार ठोके) वाजल्या की दोन ठोक्यांत फक्त ७५ मिलीसेकंद मिळतात. त्यात खालचा आवाज लांबत राहिला की ठोके वेगळे ऐकू येत नाहीत, नुसती गुरगुर होते. म्हणून बास वाढवण्याआधी ठोक्यामागं लांबणारी शेपटी कापा. गेटचा (ठोक्यानंतर आवाज बंद करणारं साधन) रिलीज, म्हणजे बंद व्हायला लागणारा वेळ, आखूड ठेवा, ३०० ते ४०० हर्ट्‌झचा डब्यासारखा आवाज काढा, मग ४ किलोहर्ट्‌झच्या आसपास बीटरची (किकवर आदळणारा हातोडा) टकटक द्या. या वेगात पाय हलकेच पडतात, म्हणून सॅम्पल (आधीच रेकॉर्ड केलेला ठोका) मिसळायला लाजू नका. फक्त एकच सॅम्पल एकाच जोरानं लावलं तर शिलाई मशिन होतं. आलटून पालटून तीनचार तरी ठेवा.

कॉम्प्रेसरचा अटॅक (दाबायला लागेपर्यंतचा वेळ) अगदी कमी ठेवला की ठोक्याचं तोंडच दाबलं जातं. २० ते ३० मिलीसेकंदांपासून सुरुवात करा.

आणि सोलो (बाकी वाद्यं बंद करून एकच ऐकायचं बटण) दाबून ड्रम घडवत बसू नका. गिटार आल्या की तो सुंदर एकटा किक गायब होतो. एकदा फोनच्या स्पीकरवर लावून बघा. तिथं ६० हर्ट्‌झ पोचतच नाही. किक हरवला असेल तर बासला हात न लावता टकटक तपासा.