इतिहासाबद्दल पडलेला प्रश्न स्वतः कसा सोडवायचा

"पिरॅमिड बांधणाऱ्या गुलामांनी एवढे दगड वर नेले कसे?" "नेपोलियन इतका बुटका असून सैन्य त्याचं ऐकायचं का?" "पृथ्वी सपाट मानायच्या काळात कोलंबस समुद्रात निघाला कसा?" हे प्रश्न जसेच्या तसे सोडवायला घेतलेत तर वेळ वाया जाईल, कारण तिन्हींच्या पोटात एक विधान आधीच खरं धरून ठेवलेलं आहे. इतिहासाबद्दलच्या कुतूहलाची गाडी बहुतेक वेळा इथेच अडते. उत्तर सापडत नाही असं नसतं, प्रश्नच भलत्या जागेवरून सुटलेला असतो.

प्रश्न फोडा

कागद घ्या. प्रश्नातले 'का' आणि 'कसं' खोडा आणि उरलेली विधानं एकेका ओळीत लिहा. कोलंबसच्या प्रश्नातून दोन निघतात: त्या काळचे शिकलेले युरोपीय पृथ्वी सपाट मानत, आणि कोलंबसशी त्यांचा वाद याच मुद्द्यावर होता. पहिलं टिकत नाही. ग्रीक विद्वान एराटोस्थेनिसने इ.स.पू. तिसऱ्या शतकातच पृथ्वीचा परीघ मोजला होता आणि तेराव्या शतकापासून युरोपातल्या विद्यापीठांत शिकवल्या जाणाऱ्या साक्रोबोस्कोच्या पाठ्यपुस्तकात पृथ्वी गोल असल्याची कारणं दिलेली होती. पहिलं गेलं की दुसरंही आपोआप जातं. खरा वाद अंतराचा होता. कॅनरी बेटांपासून जपान किती लांब, याचा कोलंबसचा अंदाज प्रत्यक्ष अंतराच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी होता. म्हणजे गणितात त्याचे विरोधक बरोबर होते. मध्ये अमेरिका आडवी आली म्हणून तो वाचला. सपाट पृथ्वीची गोष्ट लोकप्रिय केली ती मुख्यतः अमेरिकी लेखक वॉशिंग्टन अर्व्हिंगने १८२८ मध्ये लिहिलेल्या कोलंबसच्या चरित्राने.

विधानं लिहून झाली की प्रत्येकापुढे जागा आणि काळ लिहा. 'जुन्या काळी', 'पूर्वीचे लोक', 'मध्ययुगात' हे शब्द शोधात काहीच कामाचे नाहीत. 'चौदाव्या शतकातलं इंग्लंड' किंवा 'ऑगस्टसच्या काळातलं रोम शहर' एवढं बारीक केल्याशिवाय पुढे जाऊ नका. निम्मे प्रश्न या पायरीवरच मिटतात किंवा बदलतात.

आधी आकडेमोड, मग वाचन

जिथे संख्या आहे तिथे पुस्तक उघडण्याआधी पाच मिनिटं हिशेब करा. चीनची भिंत चंद्रावरून दिसते का? भिंतीची रुंदी साधारण पाच-सहा मीटर, चंद्र सुमारे ३,८४,००० किलोमीटर दूर. चांगल्या डोळ्याला एक कलेइतका, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाइतका तपशील वेगळा दिसतो. चंद्राच्या अंतरावर तो सुमारे ११० किलोमीटर भरतो. लांब रेघ यापेक्षा थोडी बारीक असली तरी दिसू शकते हे मान्य, पण हजारो पटींनी बारीक नाही. प्रश्न संपला. चीनचा पहिला अंतराळवीर यांग लिवेई यालाही २००३ मध्ये पृथ्वीच्या जवळच्या कक्षेतून ती दिसली नव्हती.

सरासरीच्या प्रश्नांत हाच हिशेब वेगळ्या तऱ्हेने वाचवतो. 'पूर्वी सरासरी आयुष्य पस्तीस वर्षांचं होतं, म्हणजे तिशीत लोक म्हातारे व्हायचे का?' दहा मुलं धरा. चार पहिल्या वर्षातच गेली, सहा जण साठ वर्षं जगले. एकूण वर्षं ३६०, दहांनी भागलं की सरासरी ३६. एकही माणूस छत्तिसाव्या वर्षी मेलेला नाही. म्हणून आयुर्मान पाहताना जन्मावेळचा आकडा सोडा आणि पंधराव्या किंवा विसाव्या वर्षी अजून किती वर्षं अपेक्षित होती तो आकडा शोधा.

पिरॅमिडलाही हे लागू होतं. इजिप्तचा राजा खुफू याच्या गिझा इथल्या पिरॅमिडात अंदाजे २३ लाख दगड धरतात. वीस वर्षं बांधकाम चाललं असं मानलं तर दिवसाला सुमारे ३१५ दगड, दहा तासांच्या दिवसात दोन मिनिटांना एक. हे जमवायला मुख्यतः संघटना लागते. मग प्रश्न 'दगड वर नेले कसे' एवढाच राहत नाही, 'इतक्या माणसांना खायला कोण घालत होतं' हाही होतो, आणि तो जास्त चांगला प्रश्न आहे.

सर्वांत जुना उल्लेख गाठा

प्रसिद्ध वाक्यं आणि किस्से यांच्यासाठी एकच पद्धत खात्रीची आहे: आजपासून मागे मागे जात राहायचं आणि माग जिथे तुटतो ते वर्ष टिपायचं. गूगल बुक्समध्ये वाक्य अवतरणचिन्हांत टाका, काळाची मर्यादा लावा, आणि ती मर्यादा पन्नास-पन्नास वर्षांनी मागे सरकवा. फ्रेंच मजकुरासाठी फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं गालिका, अमेरिकी वर्तमानपत्रांसाठी क्रॉनिकलिंग अमेरिका, ऑस्ट्रेलियासाठी ट्रोव्ह, ग्रीक आणि लॅटिन ग्रंथांसाठी पर्सियस. सगळे विनामूल्य आहेत.

'पाव नसेल तर केक खा' हे फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिच्या नावावर चढलेलं वाक्य घ्या. इंग्रजीत शोधलंत तर एकोणिसाव्या-विसाव्या शतकातच घुटमळाल. मूळ फ्रेंचमध्ये 'ब्रिओश' (लोणी-अंड्यांचा मऊ पाव) हा शब्द घालून शोधलंत की विचारवंत रूसोच्या आत्मचरित्रापर्यंत पोचता. तो भाग १७६० च्या दशकातला. त्यात 'एक मोठी राजकन्या' एवढंच आहे, नाव नाही. मारी आंत्वानेतचा जन्म १७५५ चा, आणि ती फ्रान्सला आली १७७० मध्ये. रूसोने तो भाग लिहिला तेव्हा ती व्हिएन्नातली लहान मुलगी होती. तिने पुढे आयुष्यात कधीच असं काही म्हटलं नाही हे यातून सिद्ध होत नाही. गोष्ट तिच्याआधीची आहे एवढंच होतं. हा फरक सांभाळा.

या शोधात ठरावीक ठिकाणी पाय घसरतो. नियतकालिकाच्या सगळ्या खंडांवर कधी कधी पहिल्या अंकाचं वर्ष लागलेलं असतं, त्यामुळे १९०५ चा लेख १८४० चा दिसतो. मुखपृष्ठाचं पान उघडून वर्ष स्वतः वाचा. पुनर्मुद्रण आणि पहिली आवृत्ती यांत गल्लत होते. अठराव्या शतकापर्यंतच्या इंग्रजी छपाईत शब्दातला 'एस' 'एफ'सारखा दिसे, संगणक तो 'एफ' म्हणूनच वाचतो आणि तुमचा शब्द सापडतच नाही. 'एफ' घालूनही एकदा शोधा. आणि संभाषण करणाऱ्या एआय प्रणालीने दिलेला संदर्भ पान उघडून पाहिल्याशिवाय वापरू नका. नसलेल्या पुस्तकांची नावं ती अगदी सफाईने देतात. शोधाचे शब्द सुचवायला मात्र त्या उपयोगी पडतात. विकिपीडियाचंही तसंच: लेख वरवर वाचा, तळटिपा नीट वाचा.

सांगणारा घटनेपासून किती लांब होता?

प्रत्येक पुराव्यापुढे दोन वर्षं लिहा: घटना कधीची, लिखाण कधीचं. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो की एका वेळी एक लाख माणसं पिरॅमिडवर राबत. तो इ.स.पू. पाचव्या शतकातला, पिरॅमिड सुमारे इ.स.पू. २५६० चा. मध्ये दोन हजार वर्षं. त्याच्यापासून खुफू जितका लांब, साधारण तितकेच आपण येशूच्या काळापासून लांब आहोत.

आता दुसरा पुरावा. तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर वादी अल-जर्फ इथे २०१३ मध्ये पपायरसचे (लव्हाळ्यापासून केलेल्या कागदाचे) तुकडे मिळाले. त्यांत मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. सुमारे चाळीस माणसांची त्याची टोळी तुरा या गावच्या खाणीतून चुनखडीचे दगड नावेत घालून गिझाला नेत होती, आणि नोंदी खुफूच्या कारकिर्दीतल्याच आहेत. शिवाय १९९० पासून गिझाजवळ कामगारांची थडगी सापडत आली आहेत, पिरॅमिडच्या सावलीत, मानाने पुरलेली. बाजारात विकत घेतलेल्या गुलामांचं चित्र यात बसत नाही. पण म्हणून सगळे खुशीने येत होते असंही ठरत नाही. राज्यासाठी सक्तीचं काम ही तिसरी शक्यता असते आणि प्राचीन इजिप्तला तीच जास्त शोभते. 'गुलाम की स्वतंत्र' अशा दोनच खणांचा प्रश्न आला की तिसरा खण आहे का ते नेहमी बघा.

जवळचा साक्षीदार खराच बोलतो असं नाही. पराभूत राजाबद्दल विजेत्याच्या दरबारी लेखकाने त्याच वर्षी लिहिलेलं असेल तर अंतर शून्य आणि भरवसाही जवळपास तेवढाच. अशा वेळी त्याच्या हिताविरुद्ध जाणारी वाक्यं वेगळी काढा. ती जास्त वजनाची.

तारखा आणि मापं

इथल्या चुका सर्वांत फालतू आणि सर्वांत जास्त. इसवी सनात शून्य वर्ष नाही, म्हणून इ.स.पू.मधून इसवीत येताना बेरीज करून एक वजा करा. इजिप्तची राणी क्लिओपात्रा वारली इ.स.पू. ३० मध्ये, माणूस चंद्रावर उतरला १९६९ मध्ये: ३० अधिक १९६९ वजा १, म्हणजे १९९८ वर्षं. खुफूचा पिरॅमिड तिच्या मृत्यूपूर्वी सुमारे २५३० वर्षांचा. म्हणून ती पिरॅमिडपेक्षा चांद्रमोहिमेला जवळची, हे खरंच आहे.

ग्रेगोरियन कालगणना, म्हणजे आज आपण वापरतो ती, सगळीकडे एकदम आली नाही. स्पेन आणि इटलीत १५८२ मध्ये ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर उजाडला. ब्रिटनमध्ये १७५२ साली २ सप्टेंबरनंतर १४. रशियात १९१८ साली ३१ जानेवारीनंतर १४ फेब्रुवारी. 'ऑक्टोबर क्रांती' नोव्हेंबरात का साजरी व्हायची याचं उत्तर यातच आहे: जुन्या रशियन तारखेने २५ ऑक्टोबर १९१७, नव्या तारखेने ७ नोव्हेंबर. दोन देशांतल्या घटना 'एकाच दिवशी' घडल्याचं वाचलंत की दोन्हीकडची कालगणना पाहा. शेक्सपिअर आणि स्पॅनिश लेखक सर्व्हांतेस दोघांच्याही नावावर मृत्यूची तारीख २३ एप्रिल १६१६ असते, पण इंग्लंड तेव्हा स्पेनच्या दहा दिवस मागे होतं. त्यात १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून तिथला राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद आपण ३० जानेवारी १६४९ म्हणतो आणि तेव्हाच्या कागदांत १६४८ दिसतं. कागद चुकलेला नाही.

मापांचंही तेच. नेपोलियनची उंची ५ फूट २ इंच नोंदली गेली ती फ्रेंच मापात. फ्रेंच इंच सुमारे २.७१ सेंटिमीटरचा, इंग्रजी २.५४ चा. बासष्ट इंच म्हणजे फ्रेंच हिशेबाने सुमारे १६८ सेंटिमीटर, इंग्रजी हिशेबाने जेमतेम १५७. तो त्या काळातल्या फ्रेंच पुरुषांत बुटका नव्हता. बाकीचं काम इंग्रज व्यंगचित्रकार जेम्स गिलरेच्या चित्रांनी केलं.

'आजच्या पैशात किती?'

हा प्रश्न टाळाच. शतकांपलीकडची रक्कम आजच्या चलनात बदलणारे आकडे दिसायला छान आणि अर्थाने पोकळ असतात. रक्कम त्या काळच्या मजुरीत मोजा. रोमन सम्राट डायोक्लेशनच्या इ.स. ३०१ च्या दर-आदेशात शेतमजुराला जेवणासह दिवसाला २५ देनारी (रोमन नाणी) आणि गव्हाच्या लष्करी मापाला १०० देनारी ठरवले आहेत. म्हणजे एक माप गहू चार दिवसांच्या मजुरीचं. आता आकडा बोलायला लागला. मात्र हे कमाल दर होते, बाजारातले नव्हेत, आणि तो आदेश फसला. राजाने हुकूम काढला यावरून लोक तसं वागत होते हे ठरत नाही; उलट जो हुकूम पुन्हा पुन्हा काढावा लागतो तो पाळला जात नसावा.

चित्र पाहिलंत की चित्राचं वर्ष विचारा

उत्तर युरोपातल्या व्हायकिंग दर्यावर्दी लढवय्यांच्या टोपांना शिंगं होती का? व्हायकिंग काळातला जवळपास अख्खा टोप नॉर्वेत येरमुंडबू इथे १९४३ मध्ये मिळाला, दहाव्या शतकातला, बिनशिंगाचा. शिंगांचे खरे टोप डेन्मार्कच्या वेक्सो इथे सापडले, पण ते सुमारे इ.स.पू. ९०० चे, व्हायकिंगांच्या दीड हजारांहून जास्त वर्षं आधीचे. आपल्या डोळ्यांपुढचं चित्र मुख्यतः १८७६ साली जर्मनीत बायरॉइटला झालेल्या संगीतकार वाग्नरच्या ऑपेरातल्या वेशभूषेचं.

उत्तर लिहिताना

पहिल्या वाक्यात निकाल, दुसऱ्यात सर्वांत बळकट पुरावा, तिसऱ्यात खात्री किती. 'नक्की', 'बहुधा' आणि 'ठरवता येत नाही' एवढ्या तीन पायऱ्या पुरतात. टक्केवारी लावू नका. प्रत्येक पुराव्यापुढे आवृत्तीचं वर्ष आणि पान लिहा, नुसता दुवा नको, कारण दुवे तुटतात.

अडलात तर ग्रंथपालाला किंवा विषयाच्या अभ्यासकाला विचारा, पण 'हे खरं आहे का?' एवढंच पाठवू नका. विधान, जागा, काळ, सापडलेला सर्वांत जुना उल्लेख आणि कुठे-कुठे पाहून झालं, एवढं पाच ओळींत द्या. असं पत्र आलं की समोरच्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, आणि उत्तर येण्याची शक्यता बरीच वाढते.