इंग्रजी उच्चार देवनागरीत लिहिताय? या चुका टाळा

ऐरोली-महापेच्या कंपन्यांत मुलाखतीला जाणारी मराठी माध्यमाची मुलं आमच्या कळव्याच्या संध्याकाळच्या वर्गाला येतात. बहुतेकांच्या वहीत इंग्रजी शब्दाखाली देवनागरीत उच्चार लिहिलेला असतो. हे मला मनापासून आवडतं. इंग्रजीत ध्वनी सुमारे ४४ आणि अक्षरं २६, त्यामुळे ‘टफ’, ‘थ्रू’ आणि ‘ऑल्दो’ या तिन्हींच्या शेवटी तेच ओ-यू-जी-एच येतं. अशा भाषेचे उच्चार वेगळे लिहून ठेवायलाच हवेत. फक्त ते लिहिताना मराठीच्या सवयी आड येतात.

पहिली अडचण ऱ्हस्व-दीर्घाची. गरीब, फूल, बहीण असं उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरं, अक्षर दीर्घ लिहायची आपल्या हाताला सवय. म्हणून दुकानांच्या पाट्यांवरही ‘ग्रील’ आणि ‘बील’ दिसतं. मराठीत त्यानं काही बिघडत नाही, पण इंग्रजीत शिप म्हणजे जहाज आणि शीप म्हणजे मेंढी. पुल म्हणजे ओढणं आणि पूल म्हणजे पोहण्याचा तलाव. तेव्हा इथे शुद्धलेखनाचा नियम बाजूला ठेवा. कानाला आखूड ऐकू आलं की ऱ्हस्वच लिहा.

सगळ्यात महागात पडते ती मात्र आघात, म्हणजे अक्षरावरचा जोर, न दाखवण्याची चूक. मराठीत प्रत्येक अक्षराला साधारण सारखं वजन देऊन बोललं तरी चालतं. इंग्रजीत एका ठिकाणी जोर पडतो आणि आजूबाजूचे स्वर विरून त्यांचा जेमतेम ‘अ’ उरतो. ‘फोटोग्राफ’ येतो म्हणून मुलं ‘फोटोग्राफर’ लिहून मोकळी होतात. खरा उच्चार फ|टॉग्रफर. जोर ‘टॉ’वर, सुरुवातीचा ‘फो’ गायब, ‘ग्रा’चा ‘ग्र’ झालेला. ही उभी रेघ जोराच्या अक्षराआधी काढायची, एवढाच उपाय. |प्रेझंट म्हणजे भेटवस्तू, प्रि|झेंट म्हणजे सादर करणं; रेघ सरकली की स्वरही बदलले. मुलाखतीत समोरचा माणूस ‘पार्डन?’ म्हणतो, तेव्हा बऱ्याचदा चूक अक्षराची नसते, जोराची असते.

शब्दांचे शेवटही नीट ऐका. स्टेशनच्या पाटीवर आपण ‘सीवूड्स’ वाचतो, पण इंग्रजीत त्याचा शेवट ‘झाड’मधल्या झचा आहे. कॅट्स, बुक्समध्ये स. डॉग्झ, वुड्झमध्ये झ. तसंच ई-डीचं: वर्क्ट, प्लेड, वाँटिड. तिन्हीकडे स्पेलिंग तेच, उच्चार तीन.

व आणि व्ह वेगळे ठेवाच. ठाणे वेस्टला राहता येतं. व्हेस्ट हा अंगात घालायचा कपडा.

ब्रिटिश की अमेरिकन, हेही आधी ठरवा. एका पानावर ‘शेड्यूल’ आणि दुसऱ्यावर ‘स्केज्यूल’ असेल तर जीभ कुठेच स्थिरावत नाही.

आणि मूळ स्पेलिंग कधीही गाळू नका. ब्रिटनमध्ये जेम्स पिटमन यांनी इंग्रजी उच्चाराप्रमाणे लिहिण्यासाठी चाळीसहून अधिक चिन्हांची खास वर्णमाला तयार केली आणि १९६१ पासून ती तिथल्या काही शाळांत शिकवली गेली. मुलं भराभर वाचू लागली, पण नेहमीच्या स्पेलिंगकडे वळताना अनेकांना जड गेलं. आपल्याकडेही नुसत्या देवनागरीवर विसंबलेला मुलगा अर्ज भरताना अडतो. वर ठळक स्पेलिंग, खाली पेन्सिलीनं उच्चार. शब्द तोंडात बसला की उच्चार खोडायचा.

आपलं लेखन जमलंय का, हे स्वतः वाचून कळत नाही, कारण शब्द आपल्याला आधीच माहीत असतो. तो न ऐकलेल्या मित्राला फक्त देवनागरी ओळ वाचायला द्या आणि मोबाइलवरच्या शब्दकोशातल्या उच्चाराशी ताडून बघा. जिथे तो अडखळेल, तिथली मात्रा किंवा रेघ बदला.