पोलो जीटी खाली बसवायची आहे? आधी शॉकअपचा ट्रॅव्हल मोजा

चाकणला बनलेली फोक्सवॅगनची पोलो २०२२ मध्ये बंद झाली. तरी २०१३ पासूनची १.२ टीएसआय आणि २०२० नंतरची १.० टीएसआय (टर्बो पेट्रोल) या दोन्ही जीटी लोक अजून जपून वापरतात. या गाडीत बहुतेकांना पहिला बदल हवा असतो तो उंचीचा. टायर आणि मडगार्ड यांच्यातली चार बोटांची फट डोळ्यांना खुपते, आणि तेवढ्यावरून '४० मिमी खाली घेऊ' असं ठरतं. ही फट चुकीचं माप आहे. गाडी किती खाली न्यायची हे शॉकअपमध्ये उरलेला ट्रॅव्हल, म्हणजे त्याला अजून दाबलं जायला असलेली जागा, आणि पुढच्या लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा, उतार यांवर ठरतं. आपल्या रस्त्यांवर रोज चालवायच्या पोलोसाठी आमचं उत्तर २५ ते ३० मिमी आहे. ३५ च्या पुढे गाडी दिसायला बरी असली तरी वळणात आधीपेक्षा वाईट चालते.

आजची उंची आणि उरलेला ट्रॅव्हल

सपाट फरशीवर, चारही चाकांत कंपनीने सांगितलेली हवा भरून, हबच्या (चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या) मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही कोपऱ्यांत मोजा आणि लिहून ठेवा. जमिनीपासून मोजलं तर टायरची झीज आणि साइझ मापात शिरते, म्हणून हबपासून. हे आकडे नंतर फार उपयोगी पडतात, कारण किटच्या डब्यावरचा '३० मिमी' युरोपातल्या पोलोवर मोजलेला असतो. भारतातली पोलो इथल्या रस्त्यांसाठी उंच बसवलेली आहे. तोच किट इथे ३० पेक्षा जास्त खाली आणू शकतो.

आता ट्रॅव्हल. पुढच्या शॉकअपचा रबरी बूट वर सरकवा, चकचकीत रॉडवर एक प्लॅस्टिकचा केबल टाय घट्ट बसवा आणि शॉकअपच्या नळकांड्याला टेकवून ठेवा. नेहमीच्या रस्त्याने, नेहमीच्या वेगाने, एकदा एकट्याने आणि एकदा चौघं बसून फेरी मारा. नळकांडं त्या टायला रॉडवर जिथवर ढकलत नेईल तिथवर तुमचं सस्पेन्शन दाबलं गेलं. तिथून बंप स्टॉपपर्यंत, म्हणजे रॉडच्या वरच्या टोकाला असलेल्या रबरी ठोकळ्यापर्यंत, किती जागा उरली ते पाहा. चौघांसह ४० मिमी उरली असेल आणि तुम्ही ३५ मिमी खाली घेतलीत, तर हातात पाच मिमी राहतात. पुढच्या खड्ड्यात ठोकळा ठोकणारच.

'स्प्रिंग कडक घेतली की झालं' हे यावरचं नेहमीचं उत्तर. हिशेब करून पाहू. स्प्रिंग जिरवते ती ऊर्जा दाबल्या जाण्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ७० मिमीत जिरणारा धक्का ४० मिमीत जिरवायचा तर स्प्रिंग साधारण तिप्पट कडक हवी, आणि तिप्पट कडक स्प्रिंग रस्त्यावरच्या गाडीला कुणी लावत नाही. म्हणजे फार खाली घेतलेली गाडी काही वेळ स्प्रिंगवर आणि बाकीचा वेळ बंप स्टॉपवर चालते. ताम्हिणीसारख्या घाटात, वळणाच्या मध्यावर खड्डा आला की पुढचं चाक ठोकळ्यावर बसतं, त्या कोपऱ्याचा कडकपणा एका क्षणात कैक पटींनी वाढतो आणि पकड सुटते. स्टिअरिंग वळवलेलं असूनही गाडी बाहेर सरकते.

दुसरी मर्यादा लोअर आर्मची. पोलोला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात. मूळ उंचीवर लोअर आर्म जवळपास आडवा किंवा चाकाकडे किंचित उतरता असतो. गाडी खाली गेली की त्याचं चाकाकडचं टोक आतल्या टोकापेक्षा वर जातं. मग वळणात गाडी कलताना चाकाला मिळणारा उपयोगी कँबर (चाकाचा आतल्या बाजूला कल) मिळेनासा होतो. रोल सेंटर, म्हणजे ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो, गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा वेगाने खाली जातं, आणि खाली आलेली गाडी कडक स्प्रिंग असूनही कलायला बघते. खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप खेचलं जाणं हेही त्याच भूमितीतून येतं. गाडी जमिनीवर उभी असताना समोरून वाकून पाहा. आर्म आडवा होईपर्यंत खाली न्यायला हरकत नाही, तो उलटा चढू लागला की थांबा.

स्पीडब्रेकरचं गणित

कंपनीचा ग्राउंड क्लिअरन्स १६५ मिमी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटीमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येच्या गोलाईचा असतो. पोलोचा व्हीलबेस सुमारे २.४७ मीटर. गाडी अशा गतिरोधकावर बरोबर मध्ये आली की दोन्ही चाकंही उंचवट्यावरच असतात, त्यामुळे पोटाखालची जागा जेमतेम ४५ मिमीने घटते. ३० मिमी खाली घेतलेली गाडी इथे आरामात निघते. खरा त्रास गल्लीतल्या फूटभर रुंद, मुठीएवढ्या डांबरी बंधाऱ्यांचा. तो १०० मिमी उंच असला तर पूर्ण १०० मिमी पोटाखालून जातात. १३५ वजा १०० म्हणजे ३५ उरले, त्यात चार माणसं आणि डिकीतलं सामान २५-३० खातात. इंजिनखालचा ऑइलचा चेंबर घासतो तो इथे. रोजच्या वाटेवर असे दोन बंधारे असतील, तर २५ मिमीवर थांबा आणि इंजिनखाली धातूचं गार्ड लावा. गार्डही जागा खातं, तेही हिशेबात धरा.

सोसायटीच्या बेसमेंटचा रॅम्प वेगळा पाहायला हवा. तिथे चेंबरआधी पुढच्या बंपरचा खालचा ओठ टेकतो. रॅम्पच्या तोंडाशी हळू आणि तिरपं जाऊन बघा. आजच्या उंचीवर तिथे ३० मिमी मोकळे दिसत नसतील, तर गाडी खाली घेतल्यावर रोज घासणार हे नक्की.

फक्त स्प्रिंग, स्प्रिंग-शॉकअप जोडी की कॉइलओव्हर

चारच स्प्रिंगा बदलणं सर्वांत स्वस्त, आणि सर्वांत जास्त फसवणारंही. मूळ शॉकअप मूळ स्प्रिंगच्या कडकपणाला साजेसा बनवलेला असतो. तो नवा किंवा चांगल्या स्थितीत असेल तर २५ मिमीपर्यंतची प्रोग्रेसिव्ह, म्हणजे दाबली जाईल तशी कडक होत जाणारी, स्प्रिंग सांभाळून नेतो. गाडी ५०-६० हजार किलोमीटर चाललेली असेल तर तो थकलेला असणार. कडक स्प्रिंग त्याला आवरत नाही, एक्स्प्रेसवेवर पुलाच्या सांध्यावरून गेल्यावर गाडी दोन-तीनदा उसळत राहते. अशा वेळी पैसे शॉकअपवर आधी घाला. बिल्स्टाइन या शॉकअप कंपनीचं उदाहरण सोयीचं आहे: बी६ मूळ उंचीसाठी, बी८ खाली घेतलेल्या गाडीसाठी आखूड केलेला. आखूड शॉकअप महत्त्वाचा, कारण आखूड स्प्रिंग लांब शॉकअपवर बसवली की चाक हवेत लटकताना ती आपल्या जागेवरून सुटून वाकडी बसू शकते.

कॉइलओव्हरमध्ये, म्हणजे आट्यांच्या शॉकअपसह येणाऱ्या किटमध्ये, रिंग फिरवून उंची बदलता येते, पण ती दर आठवड्याला फिरवण्यासाठी नसते. एकदा लावा, किटच्या कागदावर दिलेल्या उंचीच्या पट्ट्यात ठेवा, लॉक रिंग आवळा. केडब्ल्यू या कंपनीच्या व्ही१ किटमध्ये डँपिंग (शॉकअप हालचालीला करतो तो विरोध) कारखान्यात ठरवलेलं असतं, व्ही२ मध्ये रिबाउंड (शॉकअप परत उघडतानाचा विरोध) बदलता येतो, व्ही३ मध्ये कंप्रेशनही (दाबला जातानाचा). डँपिंगचे क्लिक नीट समजत नसतील तर ठरावीक डँपिंगचा चांगला किट घ्या. चुकीचा रिबाउंड लावलेला महागडा किट साध्या जोडीपेक्षा वाईट चालतो. रिबाउंड फार आवळला की एकामागोमाग खड्ड्यांत चाक खाली यायला वेळ मिळत नाही आणि गाडी प्रत्येक खड्ड्यागणिक आणखी खाली बसत जाते.

स्प्रिंग मागवताना डब्यावरचा पुढच्या अॅक्सलचा कमाल भार वाचा. डिझेल पोलोचं नाक पेट्रोलपेक्षा जड असतं. डिझेलसाठीची स्प्रिंग जीटी टीएसआयला लावली तर नाक वर राहतं आणि धक्के जास्त बसतात. मागे पाच मिमी कमी खाली घ्या, कारण माणसं आणि सामान मागेच येतं.

चाकं आणि टायर

जुन्या जीटीला १८५/६० आर१५ टायर आले, नंतरच्यांना १९५/५५ आर१६. पहिल्याचा व्यास ६०३ मिमी, दुसऱ्याचा ६२१. खाली घेतलेल्या पोलोला आमची पसंती १६ इंची, ७ जे (सात इंच) रुंदीच्या रिमवर २०५/५० आर१६, व्यास ६११. टायरची भिंत १०२ मिमी राहते, म्हणजे पावसाळ्यातला खड्डा रिमपर्यंत पोचायच्या आत बराचसा रबरात जिरतो. १७ इंचावर २१५/४० घेतलात तर व्यास ६०४ येतो, पण भिंत ८६ मिमी. सस्पेन्शनचा ट्रॅव्हल आधीच कापलेल्या गाडीवर टायरचीही उशी कापली की रिम वाकते नाहीतर टायरला फुगा येतो. लोड इंडेक्स मूळ टायरपेक्षा कमी नको: ८४ म्हणजे टायरमागे ५०० किलो, ८७ म्हणजे ५४५.

रिमसाठी पक्के आकडे: ५×१०० चा पीसीडी (पाच बोल्ट, १०० मिमी व्यासाच्या वर्तुळावर), मधलं भोक ५७.१ मिमी, एम१४×१.५ चे बोल्ट. बाहेरच्या रिमचं भोक मोठं असेल तर हब रिंग हवीच, नाहीतर ९०-१०० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं आणि बॅलन्सिंग कितीही केलं तरी जात नाही. बोल्टची बैठक नीट पाहा. फोक्सवॅगनच्या मूळ मॅगव्हीलला गोलाकार बैठकीचे बोल्ट असतात, बाहेरच्या बहुतेक रिमना शंकूच्या बैठकीचे. गोल बोल्ट शंकूच्या खाचेत फक्त एका कडेवर टेकतो आणि सैल होतो. हात लावल्यापासून घट्ट होईपर्यंत बोल्टचे नऊ-दहा पूर्ण फेरे बसले पाहिजेत. दहा मिमीचा स्पेसर घातला तर बोल्टही दहा मिमी लांब हवा. शेवटी टॉर्क रेंचने १२० न्यूटन मीटर, आणि ५०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासणी.

ऑफसेट (ईटी), म्हणजे रिमच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या बाजूचं मिमीतलं अंतर, असा हिशेबात घ्या. समजा जुनी रिम ६ जे, ईटी ४० आहे आणि नवी ७ जे, ईटी ३५. रुंदी एक इंच वाढली, म्हणजे दोन्हीकडे १२.७ मिमी. ऑफसेट पाचने कमी झाला, म्हणजे चाक पाच मिमी बाहेर गेलं. बाहेरची कड १७.७ मिमी बाहेर येईल, आतली कड ७.७ मिमी शॉकअपकडे सरकेल. जुन्या चाकावर आतली फट मोजून त्यातून ७.७ वजा करा, किमान पाच मिमी उरायला हवेत. ७ जे साठी ईटी ३५ ते ४० मध्येच राहा. त्याखाली मागचं टायर चार माणसांच्या भाराने मडगार्डच्या कडेला घासतं, आणि पुढे ब्रेक मारताना प्रत्येक खड्डा स्टिअरिंग हिसकावतो.

रिमच्या मागच्या बाजूला भारक्षमता ओतीव अक्षरांत असते. ती पुढच्या अॅक्सलच्या कमाल भाराच्या निम्म्याहून कमी नको. नुसता देखणा नमुना, पण भाराचा आकडा नाही, आयएसआय किंवा जेडब्ल्यूएलची (जपानी रिम मानकाची) खूण नाही, अशी रिम घेऊ नका. खड्ड्यात अशा रिमला तडा जातो, तोही आतल्या बाजूने, जिथे तो महिनोन्महिने दिसत नाही.

बसवताना

स्प्रिंगांसोबत नवी टॉप माउंटिंग आणि बेअरिंग, बंप स्टॉप, बूट आणि कंपनीने 'एकदाच वापरा' म्हटलेले नट-बोल्ट मागवा. जुनी बेअरिंग पुन्हा घातली तर स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग टणकन उडी मारते आणि सगळं परत उघडावं लागतं. बंप स्टॉप कापायचा की नाही हे फक्त किटच्या कागदावरून ठरवा, मिस्त्रीच्या अंदाजाने नाही.

पुढे स्ट्रट हबच्या फटीत आवळलेला असतो. ती फट उघडायला खास पसरवणारी किल्ली मिळते. छिन्नी ठोकून उघडली तर हब चिरतो. स्प्रिंग कंप्रेसरने दाबताना दोन्ही बाजूंचे हुक समोरासमोर आणि फेरे समान असू द्या, आणि डोकं कधीही रॉडच्या रेषेत आणू नका. मागे काम सोपं: स्प्रिंग आणि शॉकअप वेगळे आहेत, शॉकअपचे खालचे बोल्ट काढून बीम (मागची दोन चाकं जोडणारा आडवा भाग) खाली केला की स्प्रिंग हाताने निघते. तेवढ्यात ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर ताणली जात नाही ना ते बघा. गाडी कायम घोडीवर (अॅक्सल स्टँडवर), नुसत्या जॅकवर नाही.

बहुतेक गॅरेज एक पायरी गाळतात. लोअर आर्म आणि मागच्या बीमचे रबरी बुश मूळ उंचीवर आवळलेले असतात. गाडी खाली गेली की रबर उभ्या जागीही पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. हे बोल्ट सैल करा, गाडीचं वजन चाकांवर येऊ द्या, मग आवळा.

टायर घासतं का ते रस्त्यावर जाण्याआधी कळू शकतं. स्प्रिंगशिवाय शॉकअप बसवा, हब जॅकने बंप स्टॉपपर्यंत उचला, स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवा. मडगार्डच्या आतल्या लायनिंगवर शाडूच्या गोळ्या चिकटवल्या तर किती जागा उरते तेही उमटतं.

नंतरची कामं

स्प्रिंगा ३००-५०० किलोमीटरांत थोड्या बसतात. अलाइनमेंट लगेच एकदा आणि तेव्हा पुन्हा करा. पोलोत पुढचा कँबर सहज बदलता येत नाही, सबफ्रेम सरकवून डावा-उजवा सारखा करता येतो एवढंच. टो, म्हणजे वरून पाहताना चाकांचं तोंड आत की बाहेर हे, मात्र नीट लावता येतो आणि लावलाच पाहिजे. टायरची आतली कड खाल्ली की लोक कँबरला दोष देतात, बहुतेक वेळा दोषी टो असतो. हेडलाइटची पातळीही नव्याने लावा.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. विम्याचा दावा इथे अडू शकतो, तेव्हा विमा कंपनीला आधी लेखी विचारा आणि मूळ स्प्रिंगा, शॉकअप, रिम विकू नका.

कॉइलओव्हर असेल तर पावसाळा संपताच चाकं काढा, आट्यांतला चिखल ब्रश आणि पाण्याने धुवा, कोरड्या झाल्या की पातळ संरक्षक थर द्या. कोकणात राहणाऱ्यांनी हे पावसाआधीही करावं. एका पावसाळ्यात गंजून बसलेली रिंग पुढच्या वर्षी पान्याने फिरत नाही.