वजनाच्या शस्त्रक्रियेनंतर हाडं कशी सांभाळायची: गोळी कुठली, किती आणि केव्हा

"रात्री कॅल्शियमची एक गोळी घ्या आणि दूध पीत जा, झालं." बॅरिॲट्रिक, म्हणजे वजन उतरवण्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला हा सल्ला कुणी देऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. माझा गॅस्ट्रिक बायपास (जठराची छोटी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात ती शस्त्रक्रिया) २०१६ साली झाला. त्यानंतर नणंदेची स्लीव्ह (यात जठराचा मोठा भाग काढून टाकतात) झाली, मग सोसायटीतल्या दोघींच्या शस्त्रक्रिया झाल्या, आणि आता ओळखीतून ओळखीत फोन येतात. कोथरूडच्या माझ्या स्वयंपाकघरात बसून मी आजवर कितीतरी जणांच्या गोळ्यांची वेळापत्रकं मांडून दिली आहेत. दर वेळी तीच चूक सापडते, आणि ती चूक मी स्वतः दोन वर्षं केलेली आहे.

शस्त्रक्रियेनंतरचे पातळ पदार्थांचे आठवडे, प्रथिनांची पावडर, पाणी घोट घोट पिणं हे सगळं तुम्हाला दवाखान्यात सांगितलेलं असेल. त्यात मी शिरत नाही.

आधी जुना रिपोर्ट काढा

शस्त्रक्रियेआधीचं ड जीवनसत्त्व किती होतं ते शोधा. ते आधीच कमी असेल तर तुम्ही खड्ड्यातून सुरुवात केली आहे. पुण्यात इतकं ऊन असताना कमी कसं, असं लोक विचारतात. पहाटे साडेपाचला तळजाईवर किंवा वेताळ टेकडीवर जाणारे आपण, घरी परततो तेव्हा ऊन कोवळंच असतं. त्या उन्हात ड जीवनसत्त्व जवळपास तयार होत नाही. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडते त्या वेळचं ऊन लागतं, आणि त्या वेळी आपण ऑफिसात असतो, नाहीतर तोंडाला स्कार्फ आणि अंगात सनकोट घालून गाडीवर. टेकडी सोडू नका, ती हाडांना दुसऱ्या कारणासाठी हवीच आहे. पण ड जीवनसत्त्वाचा हिशोब तिच्यावर मांडू नका.

कुठली शस्त्रक्रिया झाली ते नीट समजून घ्या

कॅल्शियम मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं. बायपासमध्ये अन्न नेमकं तिथूनच वळवलेलं असतं. मिनी बायपासमध्ये साधारणपणे आणखी लांब तुकडा वगळतात. स्लीव्हमध्ये आतडं तसंच राहतं, पण जठराचा मोठा भाग गेल्यामुळे आम्ल कमी होतं आणि खाणंही कमी. म्हणून "माझी तर नुसती स्लीव्ह आहे" म्हणून निर्धास्त राहू नका.

गोळीच्या पाकिटाची मागची बाजू वाचा

लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं विसरू नका.

कॅल्शियमची गोळी म्हणजे शुद्ध कॅल्शियम नसतं, कॅल्शियमचा क्षार असतो. बाजारात मुख्यतः दोन मिळतात, कार्बोनेट आणि सायट्रेट. कार्बोनेट विरघळायला पोटात आम्ल लागतं. आपल्याकडे ते फार थोडं उरलेलं असतं, आणि त्यात बहुतेकांना आम्लपित्तासाठी पँटोप्राझोलसारखी गोळी चालू असते, म्हणजे होतं तेही गेलं. सायट्रेटला आम्लाची गरज पडत नाही, ते जेवणासोबत किंवा जेवणाशिवायही चालतं. म्हणून आपल्यासाठी सायट्रेट. स्वस्त आहे, घरात पडून आहे, सासूबाईंना चालतं, या कारणांसाठी कार्बोनेट घेऊ नका. चघळायच्या गोळ्या हव्याशा वाटतात, पण मी पाहिलेल्या बहुतेक कार्बोनेटच्याच निघाल्या.

मेडिकलवाला म्हणेल, "तेच आहे हो, फक्त कंपनी वेगळी." तेच नसतं. मी दुकानातच चष्मा लावून मागचं वाचते आणि सायट्रेट नसेल तर परत देते. मागे माणसं खोळंबली तरी वाचते.

आता आकडा. पाकिटावर मोठ्या अक्षरात 'कॅल्शियम सायट्रेट १००० मिग्रॅ' असतं. त्यातलं प्रत्यक्ष कॅल्शियम सुमारे २१ टक्के, म्हणजे २१० मिलिग्रॅम. कार्बोनेटमध्ये ते ४० टक्के असतं, म्हणून १२५० मिलिग्रॅमच्या गोळीत ५०० मिलिग्रॅम. आपल्याला हवा तो आकडा 'एलिमेंटल कॅल्शियम' या शब्दांपाशी बारीक अक्षरात दिलेला असतो. काही पाकिटांवर मोठ्या अक्षरातलाच आकडा एलिमेंटल असतो, त्यामुळे अंदाज बांधू नका, वाचा. आणि तो एका गोळीचा आहे की दोन गोळ्यांचा, हेही बघा.

माझं काय झालं ते सांगते. मी १००० ची एक गोळी सकाळी आणि एक रात्री घेत होते. दोन हजार होतात, गरजेपेक्षा जास्तच, अशी माझी खात्री होती. प्रत्यक्षात पोटात ४२० जात होतं. स्लीव्ह किंवा बायपासनंतर आहार आणि गोळ्या मिळून दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम लागतं. दोन वर्षं रोज न चुकता गोळ्या घेऊन मी तिसरा हिस्सा घेत होते. पिंडऱ्यांत गोळे यायचे, बोटांना मुंग्या यायच्या, मी म्हणायची वय झालं. रक्तातलं कॅल्शियम तपासलं, ९.१ आलं. ज्यांना दाखवलं त्यांनी सांगितलं, "कॅल्शियम नॉर्मल आहे, काही चिंता नाही." मी खूश होऊन घरी आले. ते समाधान मला फार महागात पडलं.

रक्तातलं कॅल्शियम बहुतेकदा नॉर्मलच असतं. हृदय आणि स्नायू त्यावर चालतात, शरीर ते सहजी खाली जाऊ देत नाही. बाहेरून आलं नाही की पॅराथायरॉइड ग्रंथींचा संप्रेरक वाढतो आणि हाडांतून काढून रक्ताला पुरवतो. घरखर्च भागवायला मुदत ठेव मोडत राहावी तसं. घरात किराणा भरलेला दिसतो, ठेव मात्र संपत येते. ती ठेव मोडली जातेय का, हे पीटीएच या तपासणीत, म्हणजे याच संप्रेरकाची पातळी मोजून कळतं. माझ्या सर्जननी ती करायला लावली तेव्हा पीटीएच १३८ होतं, सर्वसाधारण मर्यादा साधारण ६५ पर्यंत. ड जीवनसत्त्व ११. मग डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी केली, तर कमरेचा कणा आणि खुबा, दोन्हींची घनता कमी. त्या संध्याकाळी मी घरातली सगळी पाकिटं टेबलावर मांडली आणि पहिल्यांदा मागची बाजू वाचली.

वेळापत्रक लावा

एका वेळी ५०० ते ६०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅल्शियम आतडं नीट घेत नाही. उरलेलं वाया जातं. म्हणून दिवसातून तीनदा घ्यायचं, सगळं एकदम घशाखाली ढकलायचं नाही. इथेच खरी पंचाईत होते, कारण लोहाची गोळी आणि कॅल्शियम यांत किमान २ तासांचं अंतर हवं, आणि थायरॉइडची गोळी असेल तर ४ तासांचं. मल्टीव्हिटॅमिनमध्ये बऱ्याचदा लोह असतं हे तर कुणी लक्षातच घेत नाही.

माझा दिवस असा आहे. सकाळी ६ वाजता थायरॉइडची गोळी नुसत्या पाण्याबरोबर. साडेदहाला सायट्रेटच्या दोन गोळ्या. दुपारच्या जेवणाबरोबर, एक-दीडच्या सुमारास पुन्हा दोन. संध्याकाळी साडेसातला जेवताना दोन. रात्री १० वाजता लोह आणि मल्टीव्हिटॅमिन, लिंबूपाण्याबरोबर. दुधाबरोबर लोह घेऊ नका आणि चहाबरोबर तर नाहीच. सहा गोळ्यांचे १२६० झाले, वर खाण्यातलं. तुमच्या पाकिटावरचा आकडा वेगळा असेल तर गोळ्या बदलतील, वेळा नाही. कुणाला किती, हे सर्जन रिपोर्ट पाहून पक्कं करतील. पूर्वी मुतखडा झालेल्यांनी तर विचारल्याशिवाय डोस वाढवू नये. मात्र खड्याच्या भीतीने कॅल्शियम बंदही करू नका. बायपासनंतर खडा होतो तो बहुधा ऑक्झलेटचा (पालकासारख्या भाज्यांत असणारा घटक), आणि जेवणाबरोबर घेतलेलं कॅल्शियम त्या ऑक्झलेटला आतड्यातच बांधून ठेवतं.

पहिल्या काही आठवड्यांत ही मोठी गोळी अडकल्यासारखी वाटते. तेव्हा तोडून किंवा कुटून घ्यायची का, ते विचारून घ्या. सात दिवसांचा डबा भरून ठेवा आणि फोनला गजर लावा. एकादशीला, चतुर्थीला "आज उपास आहे" म्हणून गोळ्या चुकवणारे मी खूप पाहिले. औषधाने उपास मोडत नाही.

ड जीवनसत्त्वाचं पुडकं

बॅरिॲट्रिक रुग्णांना साधारणपणे रोज ३००० युनिट डी३ सुचवतात, रक्तातली पातळी ३० च्या वर जाऊन टिकेपर्यंत. आपल्याकडे डॉक्टर बहुतेकदा ६०,००० युनिटचं पुडकं देतात, ते आठवड्यातून एकदा घ्यायचं असतं. आठवड्यातून एकदा. माझ्या ओळखीतल्या एका काकांनी ते रोज घेतलं आणि उलट्या होऊन, कॅल्शियम भलतंच वाढून त्यांना भरती व्हावं लागलं. वार ठरवा, कॅलेंडरवर खूण करा. दुधाबरोबर किंवा थोडं तूप असलेल्या जेवणानंतर घ्या, कारण ते स्निग्धात विरघळतं. ठरलेले आठवडे संपले की रक्त तपासा, आपल्या मनाने वर्षानुवर्षं चालू ठेवू नका.

खाणं

दूध, दही, ताक, पनीर. गाईचं १०० मिलिलिटर दूध म्हणजे सुमारे १२० मिलिग्रॅम. दूध सोसत नसेल तर दही बघा, पुष्कळांना चालतं. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असतं, पण आपल्या आताच्या पोटात अर्धी भाकरी जाते, त्यामुळे "रोज नाचणी खाते, मला गोळी कशाला" हा युक्तिवाद टिकत नाही. ताकातली नाचणीची आंबील मात्र उत्तम. तीळ चांगले, पण बायपास झालेल्यांनी तिळगुळावर ताव मारू नये, गुळाने डंपिंग होतं, म्हणजे गोड झपाट्याने आतड्यात उतरून घाम फुटतो. तिळाची चटणी करा. पालकात कॅल्शियम दिसतं तेवढं मिळत नाही, त्यातलं ऑक्झलेट ते धरून ठेवतं. मेथी बरी. आणि प्रथिनं दिवसाला किमान ६० ग्रॅम, कारण हाडाची चौकट प्रथिनांचीच असते.

हाडांवर भार द्या

वजन उतरलं की हाडांवरचा भारही उतरतो, आणि भार नसलेलं हाड विरळ होतं. सर्जननी परवानगी दिली की चालणं सुरू करा, पण नुसत्या सपाट रस्त्यावर थांबू नका. मी आठवड्यातून तीनदा पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढते आणि दोन दिवस घरी डंबेल्स उचलते. आधीच घनता फार कमी असेल तर फिजिओथेरपिस्टला विचारून, वाकून वजन उचलणं टाळून.

तपासण्या

पहिल्या वर्षी दर ३ ते ६ महिन्यांनी, नंतर वर्षातून एकदा, जन्मभर. कॅल्शियम, अल्ब्युमिन, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, क्रिएटिनीन, २५-हायड्रॉक्सी ड जीवनसत्त्व आणि पीटीएच. पॅकेजमध्ये पीटीएच बहुतेकदा नसतं, ते वेगळं सांगून करून घ्या. त्यावर खर्च नको असं कुणी म्हटलं तरी ऐकू नका. डेक्सा शक्यतो शस्त्रक्रियेआधी एकदा आणि नंतर दोन वर्षांनी. पाळी गेलेल्या बायकांनी तर ती टाळूच नये.

हाड दुखतं म्हणून मेडिकलमधून आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणून घेऊ नका. बायपासनंतर त्याने जठर आणि आतडं जोडलेल्या जागी अल्सर होऊ शकतो. हाडं ठिसूळ झाल्यावर आठवड्याला एक अशी तोंडाने घ्यायची जी गोळी देतात, तीही आपल्या पोटाला सहसा सोसत नाही. गरज पडली तर शिरेतून औषध देतात, आणि तेही ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम आधी भरून काढल्यावरच, नाहीतर रक्तातलं कॅल्शियम एकदम कोसळू शकतं. आपली शस्त्रक्रिया झालेली आहे हे हाडांच्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा.

ओठांभोवती मुंग्या येऊ लागल्या, हाताची बोटं आपोआप वळून आखडली, तर घरात दूध पीत बसू नका, त्याच दिवशी रक्त तपासून डॉक्टरांकडे जा.

माझं पीटीएच खाली यायला आठ महिने लागले. १३८ वरून ५८ वर आलं. डेक्सा त्यानंतर जिथे होती तिथे टिकून आहे. दर वर्षी कोजागिरीनंतरच्या सोमवारी मी रक्त देऊन येते आणि नवा रिपोर्ट मागच्या वर्षीच्या शेजारी ठेवून, पीटीएचचा आकडा आधी बघते.