गोळ्या आठ, डॉक्टर तीन, यादी एकही नाही: उतारवयातल्या औषधांच्या या चुका टाळा

बीपीची गोळी फॅमिली डॉक्टरांची, शुगरची दुसऱ्यांची, गुडघ्यांची हाडांच्या डॉक्टरांकडून. त्यात सर्दीसाठी मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली पट्टी आणि शेजारच्या काकूंनी सुचवलेलं चूर्ण. सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या कॅरीबॅगेत हे सगळं एकत्र नांदत असतं, पण ते एकत्र बसून कोणी पाहिलेलंच नसतं. बहुतेक घोळ तिथूनच सुरू होतात.

ब्रँडच्या नावावर औषध ओळखणं

पट्टी उलटी करून बारीक अक्षरं वाचा. तिथे मूळ औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम छापलेले असतात. बीपीच्या टेल्मिसार्टन गोळीच्या नावापुढे ‘एएम’ असेल तर तिच्यात अम्लोडिपिन हे बीपीचं दुसरं औषधही आहे. ‘एच’ असेल तर बहुधा लघवीवाटे पाणी काढणारं हायड्रोक्लोरोथायझाइड. आता समजा, आजी कित्येक वर्षं शुगरची मेटफॉर्मिन ५०० सकाळ-संध्याकाळ घेत आहेत. नवीन डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड (हेही शुगरचंच) आणि मेटफॉर्मिन अशी जोडगोळी दिली. आजींनी जुनी बंद केली नाही, कारण दोन्हींची नावं वेगळी आणि रंगही वेगळे. मेटफॉर्मिन दुप्पट झालं आणि महिनाभर कोणाच्या लक्षातही आलं नाही.

म्हणून वहीच्या एका पानावर यादी करा: मूळ औषध, मिलिग्रॅम, किती वाजता, कशासाठी, कोणी दिलं, कधीपासून. डोळ्यांचे थेंब, इन्सुलिन, काढे-चूर्णं, आठवड्यातून एकदाची कॅप्सूल, सगळं त्यात आलं पाहिजे. पानाच्या तळाशी कशाची ॲलर्जी आहे ते आणि शेवटचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चालते ते सांगणारा रक्तातला आकडा. ‘कशासाठी’चा रकाना रिकामा राहिला की पुढच्या भेटीत विचारायचा पहिला प्रश्न तोच. पानाचा फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून ठेवा. दर सहा महिन्यांनी अख्खी पिशवी, जुन्या अर्धवट पट्ट्यांसकट, एका डॉक्टरांसमोर रिकामी करा. यादीपेक्षा पिशवी खरं बोलते.

काढे-चूर्णं मुद्दाम लिहायची, कारण ती ‘औषधात’ मोजलीच जात नाहीत. रोजच्या काढ्यातलं ज्येष्ठमध जास्त दिवस घेतलं तर बीपी वाढवतं आणि पोटॅशियम घटवतं. उलट ‘कमी सोडियम’वाल्या मिठात पोटॅशियम असतं. बीपीचं टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल चालू असेल किंवा किडनी कमकुवत असेल, तर ते रक्तात साचू शकतं.

‘आठवड्यातून एकदा’ न वाचणं

१-०-१ बहुतेकांना कळतं. एचएस म्हणजे झोपताना, एसओएस म्हणजे गरज पडली तरच. फसवतात त्या आठवडी गोळ्या. संधिवातासाठीचं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची कॅप्सूल सहसा आठवडीच असते. पट्टीवर मार्करने ठळक ‘रविवार’ लिहा आणि रोजच्या डब्यात ती ठेवू नका.

दुखतंय म्हणून एक गोळी

ही चूक सगळ्यात महागात पडते. डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या दुखण्याच्या गोळ्यांमुळे किडनीकडे रक्त नेणारी बारीक वाहिनी आकसते. टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिलने किडनीतून रक्त बाहेर नेणारी वाहिनी सैलावते. लघवीच्या गोळीने अंगातलं पाणी कमी झालेलं असतं. तिन्ही एकत्र आले की किडनीतला रक्ताचा दाब घसरतो आणि क्रिएटिनिन चढतं. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये, पारा चाळिशीला टेकलेला असताना जुलाब लागले तर हे दोन-तीन दिवसांतही घडू शकतं. उलट्या-जुलाब सुरू झाले की बीपीची, लघवीची आणि मेटफॉर्मिनची गोळी तात्पुरती थांबवायची का, हे त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारा.

गुडघ्यासाठी आधी पॅरासिटामॉल बरं, पण तेही मोजून. वयस्कर माणसाला दिवसाला ३ ग्रॅमच्या आत ठेवतात. वजन फार कमी असेल किंवा लिव्हर खराब असेल तर त्याहूनही कमी. आता हिशेब करा: ६५०च्या तीन गोळ्या म्हणजे १,९५० मिलिग्रॅम. वर सर्दीच्या चार गोळ्या, ज्यांत प्रत्येकी ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं, म्हणजे आणखी २,०००. एकूण ३,९५०, आणि घरातले म्हणतात ‘साधीच तर गोळी आहे’. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामाइन वेगळंच. त्याने म्हातारपणी तोंड कोरडं पडतं, बोलण्यात घोळ होतो, आणि प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांची लघवी अडकते.

नव्या त्रासावर नवी गोळी

अम्लोडिपिनने पावलं सुजतात. सुजेवर लघवीची गोळी सुरू होते, तिने पोटॅशियम उतरतं, मग त्यावर आणखी एक औषध. रॅमिप्रिलने कोरडा खोकला येतो आणि घरात खोकल्याच्या बाटल्या साचतात. नवा त्रास सुरू झाला की यादी काढून आधी बघा, गेल्या महिना-दोन महिन्यांत काय सुरू झालं? डॉक्टरांना हाच प्रश्न विचारा. अनेकदा एक गोळी बदलली की दोन सुटतात.

मात्र मनाने बंद करू नका. बीपी-हृदयाची मेटोप्रोलॉल, फिटची औषधं, स्टेंटनंतरचं रक्त पातळ करणारं औषध, झोपेसाठी वर्षानुवर्षं घेतलेली क्लोनाझेपाम यांतलं काहीही एका झटक्यात थांबवणं धोक्याचं. आणि दवाखान्यात ॲडमिट असताना सुरू झालेली ॲसिडिटीची पँटोप्राझोल अजून लागते का, हे मात्र जरूर विचारा.

चहा, कॅल्शियम आणि एकादशी

थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, चहाच्या किमान अर्धा तास आधी. कॅल्शियम आणि लोहाची गोळी तिच्यानंतर चार तासांनी. इसबगोल इतर औषधांपासून दोन तास दूर.

ग्लिमेपिराइड घेतल्यावर खाणं झालंच पाहिजे. एकादशीला ‘गोळी घेतली, फराळ दुपारी’ असं केलं की साखर घसरते. उपवासाचा डोस आधीच ठरवून घ्या. घाम, थरथर, गोंधळ दिसला तर ग्लुकोमीटर लावा. ७०च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, मग पोळी-भाजी द्या. ग्लिमेपिराइडचा असर लांबतो, त्यामुळे सावरलेली साखर काही तासांनी परत उतरू शकते. रात्रभर लक्ष ठेवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका, १०८ला फोन करा.

गिळता येत नाही म्हणून एसआर, ईआर, एक्सएल लिहिलेली (म्हणजे हळूहळू सुटणारी) गोळी कुटू नका, नाहीतर दिवसभराचा डोस एकदम सुटतो. विसरलेल्या गोळीसाठी पुढच्या वेळी दोन घेऊ नका.

पैसे वाचवायला डोस कमी करणं

एक दिवसाआड घेतलेली बीपीची गोळी स्वस्त नसते. डॉक्टरांकडून मूळ औषधाचं नाव लिहून घ्या आणि सरकारी योजनेतल्या जनऔषधी केंद्रात जा. तिथे ब्रँडेड औषधापेक्षा साधारण ५० ते ८० टक्के कमी किंमत पडते. जवळचं केंद्र आणि दर ‘जनऔषधी सुगम’ ॲपवर दिसतात. दर गोळीमागे काढा, कारण एक पट्टी १०ची असते तर दुसरी १५ची. थायरॉइड, रक्त पातळ करणारं वॉरफरिन आणि फिटच्या औषधात मात्र दर महिन्याला कंपनी बदलू नका. बदललीच तर डॉक्टरांना सांगून तपासणी करून घ्या.

राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि औषधं मोफत आहेत. बीपी-शुगर असेल तर नाशिकमध्ये त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करणं फायद्याचं. ७० वर्षं आणि त्यावरच्यांचं केंद्र सरकारचं आयुष्मान वय वंदना कार्ड ५ लाखांपर्यंत भरतीचा खर्च उचलतं, डिस्चार्जनंतर १५ दिवसांच्या औषधांसकट. दर महिन्याच्या गोळ्या त्यात येत नाहीत. नाशिकच्या गोळे कॉलनीत औषधांची घाऊक दुकानं असल्याने तिथून सुटं औषध स्वस्त मिळेल असं वाटतं, पण बिल आणि बॅच नंबर नसेल तर चार रुपये सोडून द्या.

पट्टी कापून घेतलीत तर एक्स्पायरी छापलेला तुकडा मागून घ्या, आणि तोच भाग शेवटी वापरा. ‘०३/२०२७’ म्हणजे मार्चच्या ३१ तारखेपर्यंत.