ड्रॉपर सीटपोस्ट म्हणजे लहानसा सिलेंडरच

बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या भागात हायड्रॉलिक सिलेंडर जोडण्यात माझी 22 वर्षं गेली. त्यामुळं माउंटन बाइकची ड्रॉपर सीटपोस्ट, म्हणजे चालवता-चालवता सीट खाली-वर करता येणारी सीटखालची दांडी, पहिल्यांदा हातात आली तेव्हा ती ओळखीचीच वाटली. बाहेर नळी, आत सरकणारा गुळगुळीत रॉड, तोंडाशी माती पुसून अडवणारं रबरी वायपर सील आणि बहुतेकींच्या पोटात दाबाखालचा गॅस आणि तेल. सिलेंडर ज्यानं मरतो त्यानंच हीसुद्धा मरते, तोंडाशी साचलेल्या मातीनं.

आधी वापर. रविवारी सकाळी मी वडगावातून येळ्ळूरमार्गे राजहंसगडाला जातो. चढाला सीट पूर्ण वर असते. उतरताना मात्र उतार लागायच्या आधीच, सपाटीवर, सीटवर बसून डाव्या अंगठ्यानं हँडलवरचा लिव्हर दाबायचा. वजनानं सीट खाली गेली की लिव्हर सोडायचा, तिथंच ती अडकते. वर आणायची तर अंग उचलून पुन्हा लिव्हर दाबा. उतारावर पेडल आडवी ठेवून उभं राहा, गुडघे-कोपरं वाकलेली असू द्या. सीट वर असली की ती पोटाला लागते आणि मागं सरकता येत नाही, माणूस हँडलवरून पुढं जातो तो असाच. खडबडीत सपाटीला दोन-तीन बोटं खाली घेतलेली सीट मला सगळ्यात सोयीची वाटते.

घेताना जुन्या सीटपोस्टवर कोरलेला व्यास बघा. 30.9 आणि 31.6 मिलिमीटर ही नेहमीची मापं. आकडा पुसला असेल तर व्हर्नियर लावा, डोळ्यानं अंदाज नको.

आता क्लॅम्प, म्हणजे सीटपोस्ट फ्रेममध्ये आवळून धरणारं कडं. माझी सीटपोस्ट फ्रेममध्ये खाली घसरायची, म्हणून कारखान्याच्या सवयीनं मी लांब पाना लावून क्लॅम्प करकचून आवळला. घसरणं थांबलं, पण सीट रेंगाळत वर यायला लागली. आतलं कार्ट्रिज, म्हणजे गॅस-तेलाची बंद नळी, गेलं असं समजून दोन आठवडे मी उगाच काळजीत होतो. शेवटी बोल्ट पाव फेरा सैल केला आणि सीट टणकन वर आली. आवळल्यानं बाहेरची नळी किंचित दबते आणि आतला रॉड घासतो, एवढंच होतं ते. क्लॅम्पवर टॉर्कचा, म्हणजे किती जोरानं आवळायचं त्याचा, आकडा लिहिलेला असतो, बहुधा 5 ते 6 न्यूटन मीटर, तो पाळा. तरी घसरत असेल तर नळी पुसून घर्षण वाढवणारी कार्बन पेस्ट लावा, जोर लावू नका.

बिघाड वाटतो त्यातला बराचसा लिव्हरपासून सीटपोस्टपर्यंत जाणाऱ्या केबलचा असतो. लिव्हर पूर्ण दाबूनही सीट हलत नाही, म्हणजे केबल ढिली. बसल्यावर सीट आपोआप खाली जाते, म्हणजे बहुधा केबल जास्त ताणलेली, त्यामुळं आतला व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. लिव्हरजवळची ॲडजस्टरची चकती थोडी-थोडी फिरवा, लिव्हरला मिलिमीटरभर मोकळी हालचाल राहिली की बस. आमच्याकडच्या पावसात केबल आतून गंजते, म्हणून दसऱ्याच्या सुमारास मी आतली तार आणि बाहेरचं आवरण दोन्ही बदलतो. बहुतेक पोस्टना गिअरचीच साधी तार चालते.

खानापूर-जांबोटीकडची जांभ्याची तांबडी धूळ पिठासारखी बारीक असते. तेलकट रॉडवर बसली की तिची पॉलिश पेस्टच होते. म्हणून घरी आल्यावर आधी सीट वर करा, ओल्या फडक्यानं रॉड पुसा आणि मगच खाली दाबा. राड तशीच ठेवून सीट खाली घेतलीत तर ती सगळी सीलखाली जाते. गाड्या धुवायच्या प्रेशर पंपाचा फवारा सीलवर मारू नका. भर पावसात फिरत असाल तर महिन्या-दोन महिन्यांनी तोंडाशी असलेली कॉलर, म्हणजे आट्यांची रिंग, हातानं सोडवा. पक्कड लावलीत तर ओरखडे पडतील. कॉलर वर सरकवून खालची माती पुसा, रबराला चालणारं पातळ सस्पेन्शन ग्रीस बोटानं लावा आणि कॉलर हातानंच बसवा. चाकाच्या बेअरिंगचं घट्ट ग्रीस इथं नको, थंडीत त्यानं सीट जड होते.

कार्ट्रिज मात्र उघडू नका. आत दाब असतो, हे मी सिलेंडरवाला म्हणून कळकळीनं सांगतो. सीट खाली असताना सायकल सीटला धरून उचलूही नका. कितीतरी पोस्टमध्ये त्यामुळं गॅस तेलात मिसळतो आणि सीट स्प्रिंगसारखी खालीवर दबायला लागते. टेम्पोत चढवताना फ्रेमला धरा, घरी सीट वर ठेवूनच सायकल लावा.

सीटचं टोक डावी-उजवीकडं किंचित हलतं, ते चालतं. खटखट आवाज यायला लागला तर आतल्या पितळी किल्ल्या, म्हणजे रॉड फिरू नये म्हणून खाचेत बसवलेले तुकडे, झिजल्या. त्या वेगवेगळ्या जाडीत मिळतात. जुनी किल्ली मायक्रोमीटरनं मोजा आणि एक पायरी जाड घ्या, पण बसवल्यावर रॉड बोटाच्या दाबानं सरकला पाहिजे.