पायांत वाद्या असलेला शिकारी पक्षी दिसला तर

ब्रिटनमध्ये पक्षीनिरीक्षण करताना रस्त्याकडेच्या दिव्याच्या खांबावर गडद तपकिरी रंगाचा, खांदे व मांड्या तांबूस आणि शेपटीचे मूळ व टोक पांढरे असलेला शिकारी पक्षी निवांत बसलेला आढळला, तर दुर्मिळ पाहुणा सापडल्याच्या आनंदात नोंद करण्यापूर्वी दुर्बीण त्याच्या पायांवर रोखावी. हा मूळचा अमेरिका खंडांतला हॅरिस हॉक असून तो ब्रिटनमधल्या शिकारी पक्षी पाळणाऱ्या शौकिनांच्या हातून अधूनमधून निसटतो. पायांत लोंबणाऱ्या चामडी वाद्या, घुंगरू किंवा शेपटीपाशी ट्रान्समीटरची बारीक तार दिसल्यास शंका उरत नाही. पायातल्या नुसत्या धातूच्या वा प्लास्टिकच्या कड्यावरून (रिंगवरून) मात्र निष्कर्ष काढू नये, कारण अभ्यासक रानपक्ष्यांनाही कडी घालतात.

लांबूनच छायाचित्र घ्यावे, आणि वेळ, नेमकी जागा व वाचता आलाच तर कड्यावरचा क्रमांक टिपून हे सारे हरवलेल्या-सापडलेल्या पाळीव पक्ष्यांची नोंद ठेवणाऱ्या ‘इंडिपेंडंट बर्ड रजिस्टर’ला कळवावे. पाठलाग करू नये. दया येऊन मांसाचा तुकडा तर मुळीच टाकू नये, कारण भुकेला पक्षीच मालकाच्या हातमोज्यावर उतरतो, पोट भरलेला पक्षी वरूनच बघत बसतो. वादी फांदीत अडकून तो उलटा लटकत असेल, तर मात्र लगेच प्राणी-बचाव पथकाला बोलवावे.